इंजिनावांचून अवतरण

मंडळाच्या गेल्या पावसाळ्यांतील एका सभेंत आमच्या एका सभासद मित्रांनीं रद्दीच्या दुकानांतून सोडवून आणलेली एक चोपडी पुढें ठेविली. चोपडी मूळची कापडाच्या व्यापाऱ्याची. पहिल्या पंधरा-वीस पानांवर जमाखर्च आहे, व पुढें कोणा हौशी गृहस्थानें इंग्रजी वर्तमानपत्रांचीं कात्रणें खळीनें चिकटविलीं आहेत. तीं बहुतेक १९२९ सालीं इंग्लंडांत झालेल्या श्नायडर करंडकाच्या विमानशर्यतीचीं आहेत. एका कात्रणाच्या समासांत पेन्सिलीनें मोडी अक्षरांत दोन ओळींची शंका लिहिली आहे. मधला एक शब्द पुसट झाला आहे; पण आशय निर्विवाद आहे. ज्याचें इंजिन वाटेंत थांबलें तो जिवंत उतरला कसा, आणि उतरला तो उतरला, वर पहिला कसा आला?

शंकेचें उत्तर देण्याची हौस आम्हांस आवरली नाहीं. इंजिन थांबलें कीं विमान दगडासारखें खालीं येतें, सबब हें कात्रण म्हणजे बातमीदाराची थाप असावी, असें आम्हीं सभेंत ठोकून दिलें. संस्कृताबरोबर पदार्थविज्ञानाचे तासही अनेक वर्षें आमच्या माथीं होते, व तेव्हांही आम्ही मुलांना हेंच सांगत असूं. सभा आटोपल्यावर आमचाच एक जुना विद्यार्थी, ज्याचें उभें आयुष्य विमानांच्या दुरुस्तींत गेलें, तो जवळ आला व हळूच म्हणाला, “गुरुजी, दगडाला पंख नसतात.” पुढें तीन महिने त्यानें आम्हांस या विषयाचे धडे दिले. त्या धड्यांवरून व आमच्या वाचनावरून हा लेख सिद्ध केला आहे. त्यास चूकदुरुस्ती म्हटलें तरी चालेल.

विमान म्हणतांच पुष्पकाकडे वळण्याची आपल्याकडे रीति पडली आहे. त्या वाटेनें आम्ही जाणार नाहीं. ज्याचा अस्सल कागद नाहीं त्याचा विचार या त्रैमासिकांत होत नाहीं, व विमानाकरितां हा नियम शिथिल करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

प्रथम मूळ गैरसमज. विमानाला इंजिन उचलून धरीत नाहीं. दोन बाजूंचे पंख उचलून धरतात. पंखांवरून पुरेशा वेगानें हवा वाहत आहे तोंवर विमान तरंगतें. हवेच्या विरोधापायीं जो वेग क्षणोक्षणीं खर्च होतो तो भरून देणें, एवढेंच इंजिनाचें काम. इंजिन बंद पडलें म्हणजे नवी जमा थांबते. हातची शिल्लक त्या क्षणीं बुडत नाहीं. ही शिल्लक दोन खात्यांत असते, एक वेगाचें व दुसरें उंचीचें, आणि एका खात्यांतून दुसऱ्यांत रक्कम फिरवितां येते. नाक वर केलें कीं वेग घटून उंची मिळते. खालीं केलें कीं उंची घटून वेग मिळतो. प्रत्येक व्यवहारांत हवा आपली दस्तुरी कापून घेते. उतरण्याची सारी विद्या ही शिल्लक धांवपट्टीच्या तोंडाशीं नेमकी संपविण्याची आहे. ती आधीं संपली तर घात, आणि फार उरली तरीही पट्टी अपुरी पडून घात.

शर्यतीचें विमान याला अपवाद नाहीं. उलट तें या नियमाचें भडक उदाहरण आहे. जमिनीपासून पन्नास-शंभर फुटांवरून ताशीं ४०० मैलांनीं जाणारें विमान पाहून बघ्याच्या मनांत येतें कीं याचें इंजिन आतां थांबलें तर याला सांवरण्यास जागाच नाहीं. उंचीचें खातें खरोखर रिकामें असतें. पण वेगाचें खातें तुडुंब भरलेलें असतें. शाळेंत पडत्या वस्तूचा जो नियम शिकवितात तोच उलटा लावून हिशेब केला, तर ताशीं ४०० मैलांचा वेग म्हणजे सुमारे ५,३५० फुटांची उंची. उतरतांना तरंगत राहण्यासाठीं ताशीं १७० मैल राखावयाचे असें हिशेबापुरतें धरलें, तर त्याची किंमत सुमारे ९७० फूट होते. ती वजा जातां ४,३८० फूट हातीं राहतात. तेंच विमान ३०० मैलांनीं जात असतें तर हातीं अवघे २,०४० फूट राहते. वेग एकतृतीयांशानें वाढला, पण शिल्लक दुपटीहून अधिक झाली. वेगाचा वर्ग होतो तो असा; आणि हेंच आम्ही फळ्यावर तीस वर्षें लिहीत आलों, पण त्याचा हा अर्थ आमच्या ध्यानीं आला नव्हता. हवेची दस्तुरी वजा जाऊन प्रत्यक्षांत यांतील कमीच पदरांत पडतें. तथापि दगडाची उपमा आम्हीं येथें मागें घेतों.

तरीही शर्यतीच्या विमानाला एक मोठा दोष जडलेला असतो. वेगासाठीं त्याचे पंख कापून आंखूड करतात. आंखूड पंखांना थोड्या वेगांत भार पेलत नाहीं. त्यामुळें तें तरंगतें कमी, खालीं येतें झपाट्यानें, आणि जमिनीला टेकतेवेळीं त्याचा वेग साध्या विमानाहून पुष्कळ जास्त ठेवावा लागतो. श्रीमंत पण उधळ्या माणसासारखी ही स्थिति आहे: शिल्लक मोठी, आणि खर्चही मोठा.

आतां १९२९ चें प्रकरण. शर्यत ७ सप्टेंबर रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला, वाइट बेटाजवळच्या समुद्रपट्ट्यावर झाली. फेरी ५० किलोमीटरांची व फेऱ्या सात. श्नायडर करंडक हा पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा होता. चाकांच्या ठिकाणीं होडीसारखे दोन लांबट तराफे. हेन्‍री वॅगहॉर्न हा ब्रिटिश वायुदलाचा अधिकारी आर. जे. मिचेल यानें रचलेलें सुपरमरीन एस. ६ हें विमान हांकीत होता. त्याचें रोल्स-रॉइस इंजिन सुमारे १,९०० अश्वशक्तीचें होतें. आपण शेवटच्या फेरींत आहों अशा समजुतींत तो असतां इंजिन अडखळूं लागलें, व शर्यतीच्या रेषेवर पोंचण्यापूर्वींच त्याला पाण्यावर उतरावें लागलें. आपण हरलों अशी त्याची खात्री होती. विमान पाण्यावर तरंगत असतां त्याला कळलें कीं सात फेऱ्या केव्हांच पुऱ्या झाल्या आहेत. तो मोजणींत चुकून आठवी फेरी घालीत होता, आणि इंजिनाला दुसरें कांहीं झालें नव्हतें. पेट्रोल संपलें होतें. त्याचा सरासरी वेग ताशीं ३२८.६३ मैल नोंदला गेला व तो पहिला ठरला.

मोडींतील शंकेच्या उत्तरार्धाचें उत्तर हें असें साधें आहे. परंतु आमच्या वाचकांस यांतून दुसरीही एक गोष्ट दिसेल. शर्यतीचा कर्ता व प्रसंगाचा प्रत्यक्ष साक्षी या दोन्ही नात्यांनीं वॅगहॉर्नची जबानी सर्वांत श्रेष्ठ ठरावी. उतरल्याबरोबर कोणी ती लिहून घेतली असती आणि काळ मोजणाऱ्यांचें टिपण हरवलें असतें, तर आज आपण त्याला पराभूत म्हणून नोंदलें असतें, तेंही अस्सल साधनाच्या आधारानें. बखरकारावर अविश्वास ठेवून समकालीन पत्रावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

शंकेचा पूर्वार्ध, म्हणजे तो जिवंत कसा उतरला, हा अधिक महत्त्वाचा. एक उत्तर पाण्यांत आहे. शांत समुद्रपट्टी म्हणजे अमर्याद लांबीची धांवपट्टी. इंजिन कोठेंही थांबो, खालीं उतरण्यास जागा असतेच. त्याच शर्यतींत माँटी या इटालियन वैमानिकाच्या विमानांतील नळी फुटून त्याला कढत पाणी व वाफ भाजली. तशाही स्थितींत तो पाण्यावर उतरला व वांचला. उतरतेवेळींचा मोठा वेग पाण्याला सोसत असल्यामुळेंच त्या काळीं वेगाचे उच्चांक पाण्यावरील विमानांकडे राहिले. १९३४ सालीं इटलीच्या आजेलोनें माक्की विमानांतून ताशीं ७०९ किलोमीटरांचा उच्चांक केला, व तो १९३९ पर्यंत टिकला.

दुसरें उत्तर पुढच्या पंख्यांत आहे, आणि तें समजावें म्हणून पन्नास वर्षें पुढें जावें लागेल. येथून पुढें पंख म्हणजे बाजूंचे, व पंखा म्हणजे इंजिनानें फिरणारा, असें वाचकांनीं समजावें.

अमेरिकेंत नेव्हाडा संस्थानांतील रीनो या शहरीं १९६४ पासून विमानांच्या शर्यती भरत. १९६६ पासून त्या जवळच्या स्टेड येथील विमानतळावर होऊं लागल्या, व २०२३ सालीं तेथील शेवटची शर्यत झाली. येथें पाणी नाहीं. वाळवंट आहे, आणि तें समुद्रसपाटीहून ५,००० फुटांवर. हवा विरळ असल्यामुळें वेगदर्शकावर तोच आंकडा दिसत असतां जमिनीवरून जाण्याचा खरा वेग अधिक असतो. दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानें सुधारून येथें धांवत. त्यांची फेरी सुमारे ८ मैलांची होती. इंजिनांकडून त्यांच्या मूळ मर्यादेबाहेर काम घेतलें जात असल्यामुळें तीं मोडणें ही येथें नित्याची बाब होती. त्यावर जी पद्धति बसली ती पाहण्यासारखी आहे.

इंजिनाचा सूर बदलतांच वैमानिकानें दुसरा कसलाही विचार न करतां नाक वर करावयाचें. कारण शोधणें मागाहून; आधीं वेगाची रक्कम उंचीच्या खात्यांत टाकावयाची. असें वर जाणें इतर स्पर्धकांच्या वाटेंतून बाजूला होणेंही असतें; ते खालींच राहतात. त्याच वेळीं बिनतारी यंत्रावर तो ‘मेडे’ असा पुकारा करतो. हा शब्द इंग्रजी मे महिन्याच्या दिवसाचा नव्हे. ‘मला साह्य करा’ या अर्थाच्या फ्रेंच पदाचा तो इंग्रजी कानानें केलेला अपभ्रंश आहे. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील मॉकफर्ड नांवाच्या बिनतारी अधिकाऱ्यानें तो योजिला. तेथील बरीच ये-जा पॅरिसशीं होती, म्हणून दोन्ही बाजूंस कळेल असा शब्द हवा होता. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील करारानें तो सर्व राष्ट्रांचा झाला. अपभ्रंश मूळ शब्दाहून अधिक उपयोगी ठरल्याचें इतकें चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. पण तें असो.

वर पोंचेपर्यंत वेग तरंगण्याच्या मर्यादेवर आलेला असतो. आतां नाक खालीं करून तो वेग कायम धरावयाचा. पेट्रोल बंद करावयाचें, म्हणजे आगीची भीति कमी होते. पुढची कांच पुष्कळदां तेलानें माखलेली असते, आणि मग बाजूनें पाहून उतरावें लागतें. धांवपट्टी निवडून तिच्याभोंवतीं वर्तुळाकार उतरत यावयाचें. सरळ रेषेंत यावयाचें नाहीं. वर्तुळाचा फायदा असा, कीं तें लहान-मोठें करून चुका सुधारतां येतात. चाकें आधीं काढावयाचीं नाहींत. चाकें बाहेर आलीं कीं हवेचा विरोध एकदम वाढतो. म्हणून पट्टी हातीं आली असें ठरेपर्यंत तीं पोटांतच राहूं द्यावयाचीं. उंची जास्त उरली तर उपाय आहेत: पंखांच्या मागील झडपा खालीं सोडतां येतात, विमान तिरकें धरून कुशीवर घसरवितां येतें. उंची कमी पडली तर उपाय नाहीं. अशा वेळीं पट्टीपर्यंत पोंचण्याच्या आशेनें नाक किंचित् उचलण्याचा मोह होतो, आणि तोच घातक. वेग मर्यादेखालीं गेला कीं पंखांचा आधार सुटतो, व मग मात्र आमची दगडाची उपमा खरी होते.

या विद्येचा आचार्य म्हणून बॉब हूव्हर याचें नांव घेतलें पाहिजे. आपल्या दोन इंजिनांच्या विमानाचीं दोन्ही इंजिनें तो आकाशांत जाणून-बुजून बंद करी, त्या स्थितींत उभें वर्तुळ व कोलांटी घेई, उतरे, आणि उरलेल्या गतीवरच विमान प्रेक्षकांपुढें आणून उभें करी. लोक याला करामत समजत. वस्तुतः तो शिलकेचा शेवटचा पैपर्यंत बिनचूक लावलेला हिशेब होता. रीनो येथें त्यानें अनेक वर्षें शर्यतीची सुरुवात करून दिली. सुरुवात झाली कीं तो वर थांबे, आणि कोणी ‘मेडे’ म्हणून वर आला कीं त्याच्या शेजारीं जाऊन बाहेरून काय दिसतें तें सांगे व धीर देई. २०१६ सालीं तो ९४ वर्षांचा होऊन वारला.

आतां पंखा. जुन्या एस. ६ च्या पंख्याचीं पातीं एकाच कलावर कायमचीं बसविलेलीं होतीं, आणि तो कल अतिवेगाला योग्य असा तिरपा होता. पुढें पातीं वळवितां येणारे पंखे आले. आगगाडीच्या खिडकींतून हात बाहेर काढून तळवा वाऱ्याला आडवा धरला तर हात मागें ढकलला जातो. तोच हात कडेनें धरला तर वारा कापीत जातो. उड्डाणाच्या वेळीं पातीं सपाट हवीं, अतिवेगांत तिरपीं हवीं. सामान्यतः हें काम इंजिनाच्याच तेलाच्या दाबानें होतें. पण फिरणाऱ्या पात्यांची स्वाभाविक ओढ सपाट होण्याकडे असते, आणि ज्या पंख्यांत या ओढीस उलट वजनांनीं आवरलेलें नसतें, तेथें तेलाचा दाब गेला कीं पातीं आपण होऊन सपाट होतात. मग पुढून येणारी हवाच त्या पंख्याला पवनचक्कीप्रमाणें फिरविते, आणि त्या फिरविण्याची किंमत विमानाच्या वेगांतून वसूल होते. वाऱ्याविरुद्ध धांवणाऱ्या मनुष्यानें पुढें सूप आडवें धरावें, तशी गत होते. म्हणून दाब शिल्लक आहे तोंवरच पातीं तिरपीं करून घ्यावीं, असा दंडक आहे.

दंडक पाळण्यास वेळच मिळाला नाहीं तर काय होतें, तें १९७९ सालीं दिसलें. स्टीव्ह हिंटन हा तरुण वैमानिक ‘रेड बॅरन’ नांवाचें विमान हांकीत होता. विमान अमेरिकन मस्टँग, त्यांत बसविलेलें इंजिन ब्रिटिश ग्रिफन, आणि पुढें एकामागें एक असे, परस्परांच्या उलट दिशांनीं फिरणारे तीन-तीन पात्यांचे दोन पंखे. त्याच वर्षीं ऑगस्टांत त्यानें या विमानावर ताशीं सुमारे ४९९ मैलांचा जागतिक उच्चांक केला होता. सप्टेंबरांत रीनोच्या अंतिम शर्यतीच्या अखेरीस इंजिन मोडलें. शर्यत संपत आली होती, वेग भरपूर होता, तो वर गेला. येथवर सर्व हिशेबाप्रमाणें झालें. परंतु तेलाचा दाब गेला, आणि सहाही पातीं सपाट झालीं.

अंतराचा हिशेब केला म्हणजे याचा अर्थ कळतो. समजा, एखादें विमान इंजिनावांचून एक फूट खालीं येतांना आठ फूट पुढें जातें. तर ४,००० फुटांवरून तें सहा मैल जाईल. पंख्यानें अडविल्यामुळें तेंच प्रमाण चारावर आलें, तर तीनच मैल. हे आंकडे आमचे, उदाहरणापुरते. हिंटनच्या विमानाचे नव्हेत. त्याच्या बाबतींत घडलें तें इतकेंच कीं धांवपट्टी समोर असून तो तिच्यापर्यंत पोंचला नाहीं. विमान अलीकडेच खडकाळ जमिनीवर आदळलें, त्याचे तुकडे झाले, आगीचा लोळ उठला. वैमानिकाची बसण्याची जागा तेवढी बाजूला पडून शाबूत राहिली. हिंटन जबर जखमी झाला, पण वांचला. पुढें त्यानें १९८५ सालीं त्याच रीनोची शर्यत दुसऱ्या विमानावर जिंकली, आणि त्याच्या मुलानें २०१७ सालीं ‘वूडू’ नांवाच्या मस्टँगवर ताशीं ५३१ मैलांची नोंद केली.

हा प्रसंग सांगतांना लोक दैवाचें नांव घेतात. वांचण्याच्या बाबतींत तें चालेल. पडण्याच्या बाबतींत मात्र दैवाला मध्यें आणण्याचें कारण नाहीं. वॅगहॉर्नचें इंजिन थांबलें तेव्हां त्याच्या पंख्याचीं पातीं जेथें होतीं तेथेंच राहिलीं, कारण त्यांना हलतांच येत नव्हतें, आणि खालीं पाणी होतें. हिंटनच्या वेळीं यंत्र अधिक सुधारलेलें होतें. त्या सुधारणेनेंच त्याची उंची खाऊन टाकली, आणि खालीं दगड होते. वॅगहॉर्नचें पुढें काय झालें तेंही येथें नोंदून ठेवतों. १९३१ सालीं एका वेगळ्याच, शर्यतीशीं संबंध नसलेल्या विमानांतून त्याला हवाई छत्रीनें उडी घ्यावी लागली, आणि त्या अपघातांत तो मरण पावला.

चोपडी सध्यां आमच्याकडे आहे. मोडी टिपणाचें वाचन आमच्या विद्यार्थ्यास समजावून दिलें, तेव्हां त्यानें विचारलें कीं हें लिहिणारा कोण असावा. अक्षर सराईत कारकुनी वळणाचें आहे, जमाखर्चाच्या अक्षराहून निराळें आहे, यापलीकडे आम्हांस सांगतां आलें नाहीं. कात्रणांपैकीं चार पानें फाडून नेलेलीं दिसतात. खळीचे डाग शिल्लक आहेत. १९२७ ते १९३१ या वर्षांतील श्नायडर शर्यतींचीं अशीं कात्रणें, विशेषतः मोडी टिपणांसह, कोणा वाचकांच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मंडळाच्या कार्यालयाकडे कळवावें. नकला करून घेऊन मूळ कागद परत करण्याची जबाबदारी आम्ही घेतों.